कपडे गरम निघतात पण ओलेच! व्हेंट नसलेल्या वॉशर-ड्रायरबद्दल तुमचे प्रश्न

एकाच मशीनमध्ये धुणं आणि सुकवणं, आणि वाफ बाहेर सोडायला भिंतीत पाईपही नाही, अशी वॉशर-ड्रायर मशिनं आता बऱ्याच घरांत आलीत आणि त्याबद्दलचे प्रश्न गेले काही महिने एवढे येतायत की या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते, धुतं छान पण सुकवत नाही. मी बरीच वर्षं ही मशिनं उघडून बघतेय, घरचंही उघडते, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतेय. एक सूचना आधीच देऊन ठेवते, वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा. खाली जिथे जिथे मशीन उघडायचं म्हटलंय ते वॉरंटी संपलेल्यांसाठी.

प्रश्न: ताई, आमचं मशीन ३ वर्षांचं आहे. धुणं एकदम व्यवस्थित. पण सुकवायला लावलं की ४-४ तास फिरत राहतं आणि दार उघडलं की कपडे चांगले गरम पण ओलसर. मेकॅनिक म्हणतो हीटर गेलाय, बदलावा लागेल. माझा प्रश्न एवढाच की हीटर गेला तर कपडे गरम कसे?

उत्तर: तुमची शंका अगदी बरोबर आहे. हीटर गेला असता तर कपडे गार निघाले असते. कपडे गरम आहेत म्हणजे हीटर निदान अधूनमधून तरी चालतोय, आणि ओले आहेत म्हणजे पाणी मशीनच्या बाहेर पडत नाहीये. या मशीनबाबत मी सगळ्यांना एकच सांगते, उष्णतेच्या मागे लागू नका, पाण्याच्या मागे लागा. कपड्यातलं पाणी जातंय कुठे ते शोधलं की बिघाड आपोआप सापडतो.

आत काय होतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. पंखा गरम हवा ड्रममध्ये सोडतो, ती हवा कपड्यातला ओलावा घेते, मग ती ओली हवा एका थंड भागावरून जाते, तिथे वाफेचं पाणी होतं आणि ते खाली पंपात जाऊन ड्रेन पाईपने बाहेर पडतं, आणि कोरडी झालेली तीच हवा परत हीटरवरून फिरते. हवा तीच गोल गोल. थंड भाग थंड करायच्या तीन पद्धती आहेत, काही मशिनं त्यावर नळाच्या पाण्याची बारीक धार सोडतात, काही खोलीतली हवा वापरतात, आणि हीट पंपवाल्या मशीनमध्ये फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. तुमचं कुठलं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. सुकवताना नळ चालू ठेवा असं लिहिलं असेल तर पहिल्या प्रकारचं समजा.

आता तपासणी, आणि यातलं काहीच उघडावं लागत नाही.

कपडे किती टाकता? मशीनवर धुण्याची क्षमता ८ किलो लिहिलेली असते आणि सुकवण्याची त्याच्या खाली बारीक अक्षरात ५ किलो, ते कुणी वाचतच नाही. फुल लोड धुऊन तसाच सुकवायला ठेवला तर कपड्यांना ड्रममध्ये उलटायला जागाच राहत नाही, मधला गोळा ओलाच राहतो. धुऊन झाल्यावर अर्धे बाहेर काढायचे आणि दोनदा सुकवायचं, दुसरा इलाज नाही.

मग स्पिन. पाणी फिरवून काढणं स्वस्त आणि तापवून काढणं महाग. ४ किलो सुती कपडे १४०० च्या स्पिनला (म्हणजे ड्रमच्या मिनिटाला १४०० फेऱ्या) काढले तर त्यात साधारण २ लिटर पाणी उरतं, ८०० ला काढले तर पावणेतीनच्या आसपास. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागते, म्हणजे १२०० वॅटच्या हीटरला ते २ लिटर घालवायला कमीत कमी तासभर, आणि प्रत्यक्षात ड्रम, कपडे, हवा सगळंच तापवायचं असल्यामुळे दोन-अडीच तास. वरच्या पाऊण लिटरसाठी अजून निदान पंचवीस मिनिटं. तेव्हा सुकवण्याआधीचा स्पिन पूर्ण वेगाने होतो का ते एकदा समोर उभं राहून बघा. पुष्कळदा एक जड टॉवेल एका बाजूला जातो, मशीनला तोल सापडत नाही, ते चार वेळा प्रयत्न करतं आणि कमी स्पिनवरच पुढे जातं, आणि आपण दोष देतो ड्रायरला.

आणखी एक. या मशीनमधून कपडे काढल्या काढल्या वाफाळलेले लागतात, ते ओले असतातच असं नाही. एक कपडा झटका, ५-१० मिनिटं मोकळा टाका आणि मग हात लावून बघा. हे ऐकून बऱ्याच जणांची तक्रार तिथेच मिटलीय.

तरी ओलेच असतील तर बादलीची परीक्षा करा, माझी ही सगळ्यात आवडती. सुकवायला टाकायच्या आधी ओले कपडे वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहून घ्या. ड्रेन पाईपचं तोंड, त्याची उंची न बदलता, बादलीत सोडा आणि नुसतं सुकवण लावा. तासाभराने थांबवून कपडे परत तोला. हवेवर थंड होणारं किंवा हीट पंपचं मशीन असेल तर जेवढं वजन कमी झालं साधारण तेवढंच पाणी बादलीत हवं (काही मॉडेलना वेगळी टाकी असते, मग तिच्यात). वजन उतरलं पण बादली कोरडी, तर वाफ खोलीत निसटतेय, दाराचं रबर फाटलंय किंवा आतल्या हवेच्या वाटेचं सील सुटलंय, खिडकीच्या काचेवर दव दिसेल बघा. वजनच उतरलं नाही तर हवा फिरत नाहीये किंवा हीटर सारखा कट होतोय.

नळाच्या पाण्यावर थंड होणारं मशीन असेल तर बादलीत कपड्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं पाहिजे, कारण थंड करायला घेतलेलं पाणीही तिथेच येतं, त्यामुळे बादली भरून वाहायच्या आत बघत राहा. तिथे पाणी येतच नसेल तर तुमचं उत्तर मिळालं. थंड भाग थंडच होत नाहीये, आत नुसती गरम ओली हवा फिरतेय, कपडे शिजल्यासारखे गरम आणि ओले. तुम्ही लिहिलेलं लक्षण नेमकं हेच आहे. नळ बंद आहे का, इनलेट पाईप, म्हणजे नळाचं पाणी आत आणणारा, जिथे मशीनला जोडतो तिथली बारीक जाळी क्षाराने भरलीय का ते बघा. जाळी पक्कडीने हळूच ओढून निघते, जुन्या टूथब्रशने घासा. सुकवण्यासाठीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह वेगळा असतो आणि त्याचं भोक फार बारीक, त्यामुळे धुण्याचं पाणी भरपूर येत असतानाही तो एकटाच तुंबलेला असू शकतो. व्हॉल्व्ह बदलणं हे हीटर बदलण्यापेक्षा खूपच सोपं आणि स्वस्त काम आहे.

पाणी येतंय, स्पिन ठीक आहे, कपडे कमी आहेत आणि तरी ओले, तर मग लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर.

प्रश्न: माझ्या मशीनला लिंट फिल्टर कुठेच सापडत नाही. मॅन्युअलमध्येही नाही. मग कपड्यांचे तंतू जातात कुठे? आणि ते मी स्वतः साफ करू शकतो का? हाताने काम करायची सवय आहे, घरातली इलेक्ट्रिकची छोटी कामं करतो.

उत्तर: नसतोच काही मॉडेलना. कल्पना अशी की तंतू पाण्याबरोबर धुऊन ड्रेनमधून जातील. थोडे जातात, बाकीचे राहतात. सुकवताना उडालेले तंतू ओल्या हवेबरोबर वर जातात, थंड भागाच्या ओल्या भिंतीला चिकटतात, पंख्याच्या पात्यांना चिकटतात, हीटरच्या तोंडाशी साठतात. मग हवा कमी होते, हवा कमी झाली की हीटर स्वतःच जास्त तापतो, सेन्सर त्याला बंद करतो, थोडा निवला की परत चालू, परत बंद. टाइम वाढत जातो, आणि हळूहळू वाढला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

एकदा मी एक मशीन उघडलं होतं, पाच वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. पंख्याच्या खालच्या नळीतून लिंट ओढायला लागले तर ते तुटेचना, अखंड निघालं, हातभर लांब, राखाडी नमद्यासारखं घट्ट, आणि त्याला त्या नळीचा आकार आलेला, वळण सुद्धा जसंच्या तसं. हवा जायला बोटभर फट उरली होती. त्या घरात त्याआधी हीटर बदलून झाला होता.

करू शकता स्वतः, घाई नसेल त्या दिवशी करा. प्लग काढा, नुसता स्विच बंद करून चालणार नाही. नळ बंद करा. प्लग काढल्यावर १० मिनिटं थांबा, इन्व्हर्टर मोटरच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, लगेच रिकामे होत नाहीत. मशीन गरम असेल तर अजून थांबा. जाड हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मी हे अनुभवाने सांगतेय.

वरचं झाकण बहुतेक मशीनमध्ये मागच्या बाजूने दोन-तीन स्क्रूवर असतं, स्क्रू काढले की झाकण मागे सरकवून वर उचलायचं. टबच्या, म्हणजे ड्रमभोवतीच्या बाहेरच्या पिंपाच्या, वर एक धातूचं लांबट घर दिसेल, त्यात हीटर, आणि त्याच्या एका टोकाला पंखा आणि त्याची मोटर. थांबा आणि फोटो काढा. चारही बाजूंनी, वायरींचे जवळून. कनेक्टर काढताना कनेक्टरलाच धरायचं, वायर धरून ओढायची नाही. आता त्या घराचं वरचं झाकण उघडा, आठ-दहा स्क्रू असतील, सगळे सारख्या लांबीचे नसतात म्हणून ज्या क्रमाने काढाल त्या क्रमाने कागदावर टोचून ठेवा. कडेने एक सील असतं, ते फाटू देऊ नका. फाटलंच तर त्याच मॉडेलचं नवीन आणा, तिथे साधा गोंद किंवा टेप चालत नाही, उष्णतेने सुटतो आणि मग वाफ तिथून निसटते.

लिंट हाताने आणि चिमट्याने वर ओढून काढायचं. वर. हे विसरू नका, कारण ब्रशने खाली ढकललं तर ते थेट पंपात जाऊन बसतं आणि मग ड्रायरचं काम करता करता वॉशरही बंद पडतो. पंख्याची पाती एकेक करून पुसा, पंखा बोटाने फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे, खरखर आली किंवा अडकला तर बेअरिंग गेलंय. हीटरच्या कॉइलवर दाब देऊ नका आणि पाणी तर अजिबात नको. टबच्या मागे उतरणारी जी नळी आहे तिच्यात बाटली धुवायचा लांब नायलॉनचा ब्रश घालून फिरवत फिरवत वर काढा, चार-पाच वेळा. नळी पुढे वाकलेली असेल तर मागचं पॅनल उघडल्याशिवाय पूर्ण साफ होणार नाही, तिथे जोर करू नका.

सगळं बंद केल्यावर खालचा ड्रेन फिल्टर काढून साफ करा, मग रिकाम्या ड्रमवर एक रिन्स-स्पिन लावा आणि फिल्टर पुन्हा उघडून बघा. दुसऱ्यांदा जे निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. त्यानंतर दोन टॉवेल टाकून सुकवण लावा आणि पहिला अर्धा तास मशीनजवळच थांबा. जळका वास आला तर लगेच बंद. एरवीसुद्धा हे मशीन सुकवायला लावून घराबाहेर जाऊ नका किंवा झोपू नका, लिंट फार लवकर पेट घेतं. आणि तेल किंवा मेण लागलेले कपडे, फोमचे पॅड असलेल्या वस्तू सुकवणात टाकूच नका. तेलाचे कपडे धुतल्यावरही थोडं तेल धरून ठेवतात आणि गरम ढिगात ठेवले तर आपोआप तापत जातात. त्याच कारणासाठी सुकवण मध्येच थांबवून कपडे तसेच गरम ड्रममध्ये ठेवू नका, शेवटची थंड करण्याची १०-१५ मिनिटं पूर्ण होऊ द्या, किंवा काढून पसरून टाका.

प्रश्न: आमचे कपडे मात्र खरंच गार निघतात. पूर्ण टाइम संपतो, कसला एरर नाही, पण दाराची काच सुद्धा कोमट होत नाही. मल्टिमीटर आहे घरात. कुठे काय बघू?

उत्तर: मल्टिमीटर आहे म्हणजे अर्धं काम झालं. पण सगळी मोजणी प्लग काढून, ओहमवर. चालू मशीनमध्ये प्रोब घालणं घरी करायचंच नाही, ते काम त्यातल्या माणसाचं.

मोजण्याआधी एक गोष्ट ऐका. सुकवण लावा आणि वरच्या झाकणाला कान लावा. पंख्याचा सततचा हलका आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर सुरुवात पंख्यापासून करा, कारण पंखा बंद असताना हीटर चालला की थर्मल कट-आउट, म्हणजे हीटर जास्त तापला की त्याची वीज तोडणारा छोटा सुरक्षा भाग, उडतो. नुसता कट-आउट बदललात तर आठवड्यात नवीनही उडेल.

मग प्लग काढून, मशीन निवू देऊन, वर सांगितलं तसं झाकण उघडा. हीटरच्या दोन्ही वायरी काढून टोकांमध्ये मोजा. किती आकडा यायला पाहिजे हे हिशोबाने निघतं, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टला १२०० वॅटचा हीटर असेल तर ४४ ओहमच्या आसपास. १५०० वॅटचा असेल तर ३५. दोन कॉइल असतील तर प्रत्येक वेगळी मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. नंतर एक प्रोब हीटरच्या टोकाला आणि दुसरा त्याच्या धातूच्या अंगाला लावा, इथे काहीच आकडा यायला नको. आला तर करंट अंगात उतरतोय, मशीन लावूच नका.

कट-आउट गार असताना जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर उडालाय. काहींना मधोमध छोटं बटण असतं ते दाबून परत चालू होतात, काही एकदाच वापरायचे. आणि तापमानाचा सेन्सर, त्याचा आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा, पण परीक्षा सोपी आहे, मीटर लावून सेन्सर मुठीत धरा, आकडा हळूहळू उतरला पाहिजे. हललाच नाही तर सेन्सर गेलाय.

हीटर, कट-आउट, सेन्सर, पंखा चारही ठीक असतील तर वायरिंग किंवा बोर्ड, तिथे घरी थांबायचं.

आता हात जोडून एक विनंती. कट-आउट उडालाय म्हणून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून मशीन चालू करून देणारे लोक आहेत, मशीन चालतंही. कृपा करून तसं करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका. कपड्यांच्या तंतूंनी भरलेल्या बंद डब्यात तापलेली तार आहे आणि तिला वेळेवर थांबवणारी ती शेवटची गोष्ट आहे. तो उडाला म्हणजे त्याने आपलं काम केलंय. का उडाला ते शोधा.

प्रश्न: आमचं हीट पंपवालं आहे, फिल्टर आहे आणि मी तो दर वेळी साफ करते. तरी वर्षभरात टाइम ३ तासांवरून ५ तासांवर गेला. गॅस गेला असेल का?

उत्तर: जाऊ शकतो, पण गॅसवर सगळ्यात शेवटी या. फिल्टर साफ करता म्हणजे वरचं लिंट काढता ना? तो नळाखाली धरा आणि जाळीवर पाणी ओता. पाणी पटकन खाली गेलं तर ठीक, जाळीवर थबकून राहिलं तर कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरचा पातळ थर बसलाय, डोळ्यांना तो दिसत नाही. कोमट पाणी, थोडा भांड्याचा साबण, मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळवूनच परत लावा. ओला फिल्टर लावला की लिंट त्यावर लगदा होऊन बसतं.

मग फिल्टर काढून त्या पोकळीत टॉर्च मारा. मागे फ्रीजच्या किंवा एसीच्या मागे असतात तशा पातळ पत्र्यांची रांग दिसली तर बघा, त्यावर राखाडी मऊ थर आहे का. फिल्टर चुकवून गेलेले तंतू इथेच येतात आणि पत्रे ओले असल्यामुळे घट्ट चिकटतात. मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेने, उभे असतील तर उभाच फिरवा, आडवा अजिबात नाही. ते कागदासारखे वाकतात आणि वाकले की हवेची वाट कायमची अडते. बाहेरून हात पोचत नसेल तर तेवढी सफाई टेक्निशियनकडून करून घ्या.

खोली पण बघा. दार बंद केलेल्या कोंदट कपाटात मशीन ठेवलं असेल तर त्याचीच उष्णता त्याला त्रास देते. सुकवताना दार उघडं ठेवून एक फेरी करून बघा, त्यातच फरक कळेल.

हे सगळं करूनही अर्ध्या तासानंतर आत अजिबात ऊब येत नसेल आणि कॉम्प्रेसरची घरघर मात्र चालू असेल, तेव्हा गॅसचा संशय घ्यायचा. तिथे तुम्ही काही करू नका. बऱ्याच नव्या मशीनमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो पेट घेणारा वायू आहे. त्या नळ्यांना स्क्रू ड्रायव्हर लागला तरी महागात पडेल.

प्रश्न: सुकवताना बाथरूमच्या गटारासारखा वास येतो आणि तो कपड्यांना लागतो. धुताना येत नाही.

उत्तर: वास मशीनचा नाहीये, पाईपचा आहे. सुकवताना ड्रेन पाईपमध्ये पाणी कमी असतं आणि पाईपला पाण्याचा अडसर नसेल तर गटारातली हवा उलटी आत येते. ड्रेन पाईप जिथे सोडलाय तिथे बेसिनखाली असतो तसा वाकलेला ट्रॅप आहे का ते प्लंबरकडून बघून घ्या. पाईपचं टोक पण फार खोल खुपसू नका, आणि पाईपची उंची मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच ठेवा, साधारण ६० ते १०० सेंटिमीटरच्या मध्ये असते. ट्रॅप असूनही वास असेल तर दाराच्या रबराची घडी उलटून खालचा भाग बघा, तिथे ओलं लिंट आणि साबण साठून काळा चिकट थर होतो, पण तो वास कुबट असतो, गटाराचा नाही. नाकाला फरक कळतो.

प्रश्न: रात्री मशीन बंद करून झोपतो, सकाळी ड्रममध्ये पाणी! सुकवलेले कपडे आतच राहिले होते, सगळे भिजले.

उत्तर: दोनच शक्यता. ड्रम रिकामा करा, प्लग काढा, नळ चालू ठेवा, तीन-चार तासांनी बघा. पाणी चढलं आणि ते स्वच्छ असलं तर इनलेट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये, वीज नसतानाही गळतोय म्हणजे दोष त्याच्या रबरात किंवा अडकलेल्या कचऱ्यात आहे, बदलून टाका. आता नळ बंद करूनही पाणी आलं आणि ते गढूळ, साबणाचं असलं तर ड्रेनमधून उलटं येतंय, पाईपची उंची वाढवा. व्हॉल्व्ह बदलून होईपर्यंत काम झालं की नळ हाताने बंद करा. आणि सुकवण लावताना परत चालू करायला विसरू नका, नाहीतर पहिल्या प्रश्नातल्या वाचकासारखं होईल.

प्रश्न: दार उघडतच नाही सुकवण झाल्यावर. ओढू का?

उत्तर: नको! लॉकच्या आतला भाग निवायला एक-दोन मिनिटं लागतात, आणि ड्रम फार गरम असेल तर मशीन मुद्दामच जास्त वेळ धरून ठेवतं. १५-२० मिनिटं थांबा. मग ड्रेन चालवून बघा, आत थोडं पाणी राहिलं असलं तरी ते उघडत नाही. तरी नाही तर खालच्या फिल्टरच्या झाकणाआड बऱ्याच मशीनला ओढायची छोटी दोरी असते. पण काचेतून पाण्याची पातळी बघूनच ओढा.

प्रश्न: काळ्या कपड्यांवर पांढरे तंतू येतात, धुतल्यावर नाही, सुकवल्यावरच. ब्रशने काढून काढून कंटाळले.

उत्तर: ते त्या कपड्यांचे नाहीतच, आधीच्या टॉवेलचे आहेत. टॉवेल सुकवून झाले की तंतू ड्रमच्या भोकांत आणि रबराच्या घडीत बसून राहतात आणि पुढच्या लोडवर उतरतात. टॉवेल झाले की रिकाम्या ड्रमवर एक रिन्स-स्पिन लावा, काही मशीनला यासाठी लिंट सफाईचा वेगळा प्रोग्रॅम असतो तो लावलात तर उत्तम. मग ओल्या फडक्याने रबराची घडी आतून बोट फिरवत पुसा, खालच्या बाजूला जिथे छोटी भोकं आहेत तिथे नीट. काळे कपडे टॉवेलनंतर लगेच नको, मध्ये एखादा साधा लोड जाऊ द्या. आणि खालचा ड्रेन फिल्टर महिन्यातून एकदा उघडत असाल तर या टॉवेलवाल्या घरात १५ दिवसांनी उघडा, उघडायच्या आधी ताट आणि जुनं फडकं खाली ठेवा, पाणी येतंच.